पुरावा, नोंद आणि परिचर्या : कोकणातील विंचूदंशाच्या संदर्भात परिचर्या-शिक्षणाची चिकित्सा

बीजशब्द : परिचर्या-शिक्षण, पुरावा, रुग्णनोंद, विंचूदंश, प्रॅझोसिन, सिंधुदुर्ग

प्रास्ताविक

‘पुराव्यावर आधारित परिचर्या’ ही संज्ञा परिचर्या महाविद्यालयांना आता नवी राहिलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित, सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम आणला, तेव्हा पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या क्षमतांमध्ये तिला स्थान मिळाले. प्रत्यक्ष अध्यापनात मात्र ती मुख्यतः शेवटच्या वर्षातील संशोधन व संख्याशास्त्र या विषयाच्या एका घटकात भेटते. व्याख्या, पायऱ्या, पुराव्याची उतरंड, अंमलबजावणीतील अडथळे असा तिचा क्रम ठरलेला असून उत्तरपत्रिकेतही तो त्याच क्रमाने उतरतो. त्यापूर्वीची तीन वर्षे विद्यार्थी वॉर्डात वावरत असतो आणि तेथे तो जे शिकतो ते बहुतांशी रिवाजाने शिकतो. ‘या वॉर्डात असेच करतात’ हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्या आठवड्यात पडते, ‘असे का करतात’ हा प्रश्न चौथ्या वर्षी प्रश्नपत्रिकेत येतो.

प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनारपट्टीच्या संदर्भात केला आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकातील नसून कोकणातच घडलेले आहे. लाल विंचवाच्या दंशावरील उपचाराचा जो पुरावा आज जगभर उद्धृत होतो, तो रायगड जिल्ह्यातील महाडमध्ये, रुग्णाच्या खाटेजवळ तयार झाला.

पुरावा या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘पुरावा’ हा शब्द प्रथम कचेरीचा आणि न्यायालयाचा आहे. पुरावा सादर करावा लागतो, तो कोणाच्या तरी बाजूने किंवा विरुद्ध असतो आणि आरोप झाल्यावरच त्याची आठवण होते. भारतीय दर्शनांतील ‘प्रमाण’ या शब्दाची छटा अगदी वेगळी आहे. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मग ते प्रत्यक्ष असो, अनुमान असो वा आप्तवाक्य असो. वैद्यकातील मूळ इंग्रजी संज्ञेला अभिप्रेत असलेला अर्थ ‘प्रमाणा’च्या जवळचा आहे. मराठीत तिचे भाषांतर करताना मात्र ‘पुरावा’ हा शब्द रूढ झाला, आणि त्याबरोबर कचेरीचा वासही आला.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. वॉर्डात नोंदी कशासाठी ठेवायच्या, हे विद्यार्थ्याला ज्या पद्धतीने शिकवले जाते त्यात हाच कचेरीचा अर्थ प्रभावी असतो. ‘लिहिले नाही म्हणजे केले नाही’ हे परिचर्येतील प्रसिद्ध सूत्र आहे. त्याचा मूळ हेतू चांगला आहे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ ‘उद्या चौकशी झाली तर हात वर करता आले पाहिजेत’ एवढाच उरतो. मग नाडी, तापमान, श्वसन यांचा तक्ता पाळी संपताना एकदम भरला जातो, श्वसनाचा आकडा प्रत्येक रुग्णापुढे सारखाच येतो, आणि असा तक्ता चौकशीत चालतो, कारण त्यात रकाना रिकामा नसतो. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो रिकाम्या तक्त्याहून अधिक घातक ठरतो. रिकामा रकाना निदान आपल्याला माहीत नाही एवढे तरी सांगतो.

परिचारिकांच्या हातून तयार होणारी नोंद ही स्वसंरक्षणाचे कागद म्हणून शिकवली जाते आणि ‘पुरावा’ मात्र ग्रंथालयात किंवा संगणकावर शोधायची वस्तू म्हणून शिकवला जातो. या दोन्हींचा संबंध आहे, किंबहुना दुसरी गोष्ट पहिलीतूनच जन्मते, हे अध्यापनात क्वचितच सांगितले जाते.

महाडचे उदाहरण

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावलेला, विशेषतः लहान मुलगा, फुप्फुसांत पाणी होऊन दगावणे ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हती. बावस्करांच्या लेखनात त्या काळातील मृत्यूचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या घरात दिले आहे. उपचार म्हणून अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, अॅट्रोपिन किंवा गुंगीच्या औषधांचे मिश्रण दिले जाई. यांपैकी कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नव्हता, आणि अॅट्रोपिनने तर आधीच धावणारे हृदय अधिक धावू लागते.

बावस्करांनी पहिल्यांदा केले ते पाहणे आणि लिहिणे. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, पुरुष रुग्णांत लिंगाची ताठरता, वाढलेला रक्तदाब ही हृदयावरील आघाताची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. विषामुळे शरीरातील अल्फा ग्राहक अतिरिक्त उद्दीपित होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावरील भार असह्य होतो; तेव्हा हा आवळ सोडवणारे औषध दिले पाहिजे, या तर्काने ते प्रॅझोसिनपर्यंत पोहोचले. प्रॅझोसिनविषयीचा त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा निबंध १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. पुढील काळात मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांनी नोंदविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत उपलब्ध आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्याला संशोधनाचा पहिला पाठ इंग्रजी पाठ्यपुस्तकाऐवजी त्यातून देणे अशक्य नाही.

या साऱ्यात परिचारिकेचा संबंध कोठे येतो, असे विचारले जाईल. औषधाचा शोध वैद्याचा, हे खरेच. परंतु औषध योग्य ठरले की नाही हे ज्या गोष्टींवरून ठरले, त्या म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वसन, त्वचेचा थंडपणा, घाम, आणि या साऱ्यांची वेळ. ही सर्व निरीक्षणे परिचर्येच्या प्रांतातील आहेत. त्यांसाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. रक्तदाबमापक, घड्याळ आणि रात्रभर जागे राहणारा माणूस एवढ्यावर हा पुरावा उभा राहिला आहे.

बारा नोंदी

बावस्करांच्या उपचारपद्धतीत प्रॅझोसिन दर किलो वजनाला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात तोंडाने दिले जाते. नाडी, रक्तदाब व श्वसन पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढील सहा तास दर तासाने आणि त्यानंतर सुधारणा होईपर्यंत दर चार तासांनी पाहावे लागतात. पहिल्या नऊ तासांचा हिशेब केला तर बारा निरीक्षणे होतात. रात्रपाळीला संपूर्ण वॉर्डासाठी एकच परिचारिका असेल आणि पावसाळ्याच्या तोंडावर अशी दोन मुले एकाच रात्री आली, तर चोवीस. पाठ्यपुस्तकात ‘वारंवार निरीक्षण करावे’ असे लिहिलेले असते. ‘वारंवार’ हा शब्द उत्तरपत्रिकेला पुरतो, वॉर्डाला पुरत नाही.

त्यात तीन बारकावे आहेत, आणि तिन्ही परिचारिकेच्या हातातले आहेत. पहिला मात्रेचा. १५ किलो वजनाच्या मुलाची मात्रा ४५० मायक्रोग्रॅम येते, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीच्या अर्ध्याहून थोडी कमी. ही गोळी तोडण्याचे काम औषधशास्त्राच्या पुस्तकात येत नाही. शिवाय प्रॅझोसिनची हळूहळू विरघळणारी गोळीही बाजारात असते. ती तोडून किंवा चुरून द्यावयाची नसते. कपाटात कोणती गोळी आहे, हे पाहणे म्हणजे पुराव्याचा वापर करणेच होय.

दुसरा बारकावा रुग्णाच्या स्थितीचा. या औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावयाचे असते. मोठ्या माणसाला हे सांगता येते. परंतु चार वर्षांचे मूल रडू लागले की आई त्याला उचलून खांद्यावर घेणारच. तिला थांबवणे, मुलाशेजारी खाटेवर आडवे होऊन त्याला थोपटायला सांगणे आणि त्यामागचे कारण तिला समजेल अशा भाषेत सांगणे हे कोणत्याही औषधपत्रकावर लिहिलेले नसते. औषध दिल्यावर वैद्यकीय अधिकारी पुढच्या रुग्णाकडे वळतो; पुढचे तीन तास परिचारिकेचे असतात.

तिसरा बारकावा हात लावून पाहण्याचा. हातपाय उबदार आणि कोरडे होणे ही औषध लागू पडल्याची खूण मानली जाते. ती तळहाताने पाहावयाची असते. मालवणच्या दमट हवेत, मे महिन्याच्या रात्री, वीज गेलेली असताना कोणाचे हात कोरडे असतात? घाम विषाचा की हवेचा, हे ओळखायचे तर शेजारच्या खाटेवरील माणसाच्या हाताशी ताडून पाहावे लागेल. असा साधा उपाय कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत सहसा सापडणार नाही, कारण सूचना लिहिणारे मालवणात राहत नाहीत.

सर्पदंशातही हेच दिसते. रक्त गोठते की नाही हे पाहण्याची २० मिनिटांची चाचणी राष्ट्रीय उपचारपद्धतीत सांगितली आहे. नळी काचेची, स्वच्छ आणि कोरडी हवी, व २० मिनिटे तिला हलवावयाचे नाही. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असेल तर रक्त गोठण्याच्या क्रियेतच अडथळा येतो आणि निष्कर्ष फसतो. ‘नळी स्वच्छ असावी’ एवढेच शिकलेला विद्यार्थी ती नीट घासून, साबणाने धुऊन ठेवील. रिवाज आणि कारण यांतील फरक एवढ्या लहान जागीही दिसतो.

उतरंडीचा मोह

पुराव्याची उतरंड शिकवताना बहुधा एक त्रिकोण काढला जातो. तळाशी तज्ज्ञांचे मत, मध्ये रुग्णवृत्तान्त आणि निरीक्षणात्मक अभ्यास, वर यादृच्छिक नियंत्रित चाचण्या आणि शिखरावर त्यांचे पद्धतशीर समालोचन. त्रिकोण उपयोगी आहे. परंतु तो पाठ करणाऱ्याला वाचनाची गरज वाटेनाशी होते, हा त्याचा दोष.

विंचूदंशाच्याच बाबतीत २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील अॅरिझोनामधील प्रतिविषाची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १५ मुले होती, आणि कोणाला प्रतिविष व कोणाला निष्क्रिय द्रव मिळाला हे रुग्ण व तपासणारे दोघांनाही ठाऊक नव्हते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडची चाचणी आली. तीत ७० रुग्ण होते. निम्म्यांना केवळ प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन व प्रतिविष मिळाले. दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण प्रतिविष मिळालेल्यांत ९१.४ टक्के, तर केवळ प्रॅझोसिन मिळालेल्यांत २२.९ टक्के होते. बरे होण्यास सरासरी अनुक्रमे ८ आणि १७.७ तास लागले. मात्र ही चाचणी खुली होती. कोणाला काय दिले हे उपचार करणाऱ्यांना माहीत होते.

त्रिकोणावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी अॅरिझोनाचा कागद वर ठेवील. तो चुकेल. तेथील विंचू वेगळ्या जातीचा आहे आणि त्याच्या विषाचा आघात प्रामुख्याने मज्जासंस्थेवर होतो. कोकणातील लाल विंचवाचा आघात हृदयावर आणि फुप्फुसांवर होतो. महाडची चाचणी पद्धतीच्या दृष्टीने सैल असली तरी विंचू आपला, हवा आपली आणि रुग्ण आपले. त्याचबरोबर महाडच्या चाचणीवर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नव्हे. ‘हातपाय उबदार झाले’ हे ठरवणारा माणूस कोणते औषध दिले ते जाणत असेल तर त्याच्या तळहातावर त्याच्या अपेक्षेचा परिणाम होऊ शकतो. रक्तदाबाच्या आकड्यावर तो कमी होईल. शिवाय या चाचणीतील रुग्ण ठरावीक तीव्रतेचे होते. फुप्फुसांत पाणी भरलेल्या अवस्थेत पोहोचणाऱ्या रुग्णाला तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. हे प्रश्न विचारणे म्हणजे पुराव्याचे वाचन. त्यासाठी विद्यार्थ्यापुढे त्रिकोणापेक्षा हे दोन निबंध ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

परिचारिकांनी स्वतः उभ्या केलेल्या पुराव्याचे एक उदाहरणही येथे पाहण्यासारखे आहे. शिरेतील सुई दर तीन दिवसांनी बदलावी, हा अनेक वॉर्डांतील रिवाज. ऑस्ट्रेलियातील परिचारिका-संशोधकांनी ३,२८३ रुग्णांवर चाचणी घेऊन २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की ठरावीक दिवशी बदलली काय किंवा गरज पडल्यावर बदलली काय, शीर सुजण्याचे प्रमाण सारखेच, म्हणजे ७ टक्के राहते. रुग्णाचे टोचणे वाचते आणि पैसाही. परंतु या निष्कर्षाला एक न लिहिलेली अट आहे: सुईची जागा रोज कोणीतरी नीट पाहिली पाहिजे. जेथे पाहणारे कोणी नाही तेथे जुना रिवाजच अधिक सुरक्षित, हेही तितकेच खरे.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प

परिचर्या महाविद्यालयांतील संशोधन-प्रकल्पांच्या शीर्षकांवरून नजर फिरवली तर एक साचा पुनःपुन्हा भेटतो: अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात. न वाढले तरच नवल! तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नसतो आणि ज्ञान वाढल्याने रुग्णाचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. या साच्याला विद्यार्थी जबाबदार नाहीत. ठरलेल्या मुदतीत, परवानग्यांच्या अडथळ्यांतून, हमखास संख्याशास्त्रीय निष्कर्ष देणारा दुसरा मार्ग त्यांना दाखवलेला नसतो.

सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यापुढे मात्र मार्ग आहेत. ओरोसचे जिल्हा रुग्णालय, त्याला जोडून उभे राहिलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये येथील केसपेपर हे या जिल्ह्याचे न वाचलेले ग्रंथालय आहे. गेल्या दोन वर्षांत विंचूदंशाने आलेल्या रुग्णांचा दंशापासून पहिल्या मात्रेपर्यंतचा वेळ किती होता? बारांपैकी किती नोंदी प्रत्यक्षात झाल्या? कोणत्या पाळीत त्या गळतात? साध्या प्रॅझोसिनच्या गोळ्या वर्षातून किती दिवस उपलब्ध नव्हत्या? हे प्रश्न लहान आहेत, पण त्यांची उत्तरे आधी ठाऊक नसतात. संशोधनाची ही पहिली अट वर सांगितलेला साचा पूर्ण करीत नाही. अशा तपासणीत व्यक्ती नव्हे तर पाळी आणि व्यवस्था तपासली जात आहे, ही हमी मात्र आरंभीच द्यावी लागेल. नाहीतर ‘पुरावा’ पुन्हा कचेरीकडे वळेल आणि तक्ते अधिकच सुबक भरले जातील.

अधिकाराचा प्रश्न

यावर एक आक्षेप रास्त आहे. परिचारिकेला पुरावा माहीत असून उपयोग काय, औषध तर वैद्याच्या आदेशानेच द्यावयाचे. आदेशाची ही मर्यादा रुग्णाच्या हिताची आहे. परंतु वैद्यकीय अधिकारी रुग्णाला घेऊन रुग्णवाहिकेतून मालवण-कसाल रस्त्याला लागलेला असताना दुसरा रुग्ण आला तर काय, याचे उत्तर आधी लिहून ठेवलेल्या स्थायी आदेशात असू शकते. तो आदेश तयार करताना परिचारिकेला बोलावले जाते का, हा खरा प्रश्न.

कोणते काम कोणाच्या हातात सुरक्षित, हाही शेवटी पुराव्याचाच विषय आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या जंतुदोषावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास शिकवले, तेव्हा ते अनेकांना साहस वाटले होते. ३९ गावांतील हा प्रयोग ४७ तुलनात्मक गावांशी ताडून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्तींकडे आले. इंजेक्शनचा भाग मात्र त्यात तसाच उतरला नाही. पुरावा असूनही अधिकाराची रेषा किती सावकाश सरकते, याचे हे उदाहरण परिचर्या-शिक्षकाने वर्गात अवश्य चर्चेला घ्यावे.

दंशाची वेळ

डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या आणि पुढे विस्तारलेल्या मांडणीत तीन गोष्टी एकत्र येतात: उपलब्ध सर्वोत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचे कौशल्य आणि रुग्णाच्या धारणा. तिसरी बाजू अध्यापनात सर्वांत पातळ असते. ‘रुग्णाच्या इच्छेचा आदर करावा’ असे म्हटले की ती संपते.

मालवणच्या परिसरात ती संपत नाही. चिऱ्यांचा गडगा, सुक्या झावळ्यांचा ढीग, पावसाळ्यासाठी रचलेली लाकडे, रात्री बाहेर काढून ठेवलेली चप्पल ही विंचवाच्या वावराची ठिकाणे. दंश झाल्यावर घरातील वडीलधारे प्रथम विष उतरवणाऱ्याकडे नेतात, देवाला गाऱ्हाणे घालतात, आणि हातपाय गार पडू लागले की वाहन शोधतात. तेथून ग्रामीण रुग्णालय, ओरोस, प्रसंगी गोव्यातील बांबोळी. या प्रवासात किती वेळ गेला यावर प्रॅझोसिनचा परिणाम ठरतो, असे उपचारपद्धतीच सांगते. तो वेळ सांगणारे एकच साधन असते, ते म्हणजे घरच्यांचा शब्द.

दारात पोहोचताच ‘आधी मांत्रिकाकडे कशाला गेलात?’ असा प्रश्न आला तर घरचे मधले दोन तास गिळून टाकतात आणि ‘आताच चावला’ म्हणतात. केसपेपरवर चुकीची वेळ उतरते, मुलाची अवस्था वेळेच्या मानाने अधिक गंभीर दिसते, उपचाराचा अंदाज चुकतो. पुढे कोणी त्या कागदांवरून निष्कर्ष काढू गेले तर तोही चुकतो. म्हणजे अंधश्रद्धेवर टीका करण्याच्या भरात पुरावाच नासतो. अनुभवी परिचारिका हे जाणते. ती घड्याळाची वेळ विचारत नाही. दिवेलागण झाली होती का, रापणीची माणसे घरी आली होती का, जेवणे आटोपली होती का, असे विचारते, आणि मांत्रिकाचे नाव निघाले तर मान हलवून पुढचा प्रश्न विचारते. हे कौशल्य ती कोणत्याही घटकात शिकलेली नसते आणि ते विद्यार्थ्याला शिकवावे, असे तिला कोणी सांगितलेलेही नसते.

केसपेपरवर दंशाच्या वेळेला आज अनेकदा वेगळा रकाना नसतो; आगमनाची वेळ तेवढी असते. तो रकाना घालावा, त्यात घरच्यांनी सांगितलेली खूण त्यांच्याच मालवणी शब्दांत लिहावी आणि तिच्यापुढे परिचारिकेने अंदाजे तास मांडावा. पाळी बदलताना ओव्हर देणारीने हा आकडा पहिल्या मात्रेच्या वेळेसह तोंडी सांगावा. छपाईचा खर्च नगण्य आहे, आणि विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीला प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावे लागणार नाही.